बीटलची धाप

माझ्या गाडीमुळे बुद्धवंदना थांबली, ही गोष्ट मी आपणहून कोणाला सांगितली नसती. पण आमच्या वन्संनी ती पिंपरीपासून हडपसरपर्यंत सगळ्या नातेवाइकांत पोचवली आहे. तेव्हा निदान खरी काय ती सांगावी, म्हणून लिहिते.

रविवारची सकाळ होती. वन्संना विहारातून घरी आणायचं होतं. अनिरुद्ध, म्हणजे माझे यजमान, त्यांना बोलवायला आत गेले आणि मी बाहेर गाडी चालू ठेवून बसले. बंद का केली नाही, असं विचाराल. आमची बीटल तापलेली असताना बंद केली तर पुन्हा आपल्या सवडीने सुरू होते, आणि मागे रिक्षा खोळंबलेल्या असताना तिची सवड बघत बसणं बरं दिसत नाही. तर गाडी चालू होती. माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नव्हता. तरी इंजिन असं ओरडत होतं की कोणाला वाटावं, मी बसल्या जागी सिंहगडाचा घाट चढते आहे. थोड्या वेळाने आतून एक गृहस्थ आले, खिडकीशी वाकले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, "ताई, भन्तेजी थांबलेत. तुमची गाडी पुढं गेली की सुरू करतील."

मी सरकारी रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली बाई. व्हरांड्यात माझ्या चपलांचा आवाज आला की रुग्णांचे नातेवाईक आपोआप कुजबुजीवर यायचे. 'शांतता राखा' ही पाटी मी लोकांना दाखवत असे, लोक मला दाखवत नसत. मी गाडी पुढे नेली, पार कोपऱ्यापलीकडे, आणि तिथे बसून ठरवलं की हिचा हा आवाज मी उतरवणार.

ही गाडी मी निवृत्त झाल्यावर घेतली. का घेतली, या विषयावर आमच्या घरात पुरेशी चर्चा झालेली आहे, ती इथे नको. साठीतली बीटल आहे, म्हणजे जवळपास माझ्याच वयाची. रंग दुधावरच्या सायीचा. इंजिन मागे, डिकी पुढे, आणि इंजिन थंड होतं ते पाण्याने नव्हे, हवेने. गाडी माझी, लायसन्स माझं. अनिरुद्ध पोस्टातून निवृत्त झाले आणि त्यांनी आयुष्यात सायकलच्या वर काही चालवलेलं नाही. हे सांगायचं कारण एवढंच, की गाडीबद्दल काही बोलायचं असलं की पुण्यातला प्रत्येक माणूस त्यांच्याशीच बोलतो.

पीयूसीवाल्याचंही तेच. गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं होतं, तपासणीची तारीख मिळाली होती, आणि त्याआधी पीयूसी हवी होती. पीयूसीवाल्याने मागे नळी लावली, मशीनकडे बघितलं, पुन्हा गाडीकडे बघितलं आणि पलीकडच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या अनिरुद्धना म्हणाला, "काका, मॅडमना पाय काढायला सांगा."

मी दार उघडलं आणि दोन्ही पाय बाहेर काढून दाखवले.

"मग आयडलिंग हाय आहे," तो म्हणाला. "उभ्या गाडीचं इंजिन फार पळतंय. असं नाही होणार. कमी करून आणा."

पीयूसी नाही तर तपासणी नाही. तपासणी नाही तर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही, आणि रस्त्यावर आणता न येणाऱ्या जुन्या गाडीचं शेवटी काय होतं हे सांगायला आमच्या वन्संचे यजमान तयारच होते. भंगार या विषयाचा त्यांचा अभ्यास आहे.

आता विश्रांतीत असलेल्या रुग्णाची नाडी जलद चालते, याला कारण असतं. ताप असेल, रक्त कमी असेल, भीती असेल. कारण शोधायचं असतं. नुसती नाडी दाबून धरली म्हणून ती कमी होत नाही. पण हे मला गाडीच्या बाबतीत सुचायला वेळ लागला, कारण आधी मी लोकांचं ऐकलं.

पहिले हिंदुराव. कर्वेनगरच्या बाजूला त्यांचं गॅरेज आहे. "बीटल म्हणजे आपला हातखंडा," असं ते अनिरुद्धना म्हणाले. मागचं झाकण उघडलं, कान देऊन ऐकलं, डोळे मिटून मान हलवली. गवयाने असं केलं तर मला आवडतं. मग त्यांनी कार्बोरेटरचा एक स्क्रू पिळला आणि आवाज खरोखर उतरला. बीटल मांजरासारखी गुरगुरायला लागली. मला गहिवरून आलं.

तो गहिवर पौड रोडपर्यंत टिकला. पहिल्या सिग्नलला गाडी बंद पडली. दुसऱ्या सिग्नलला पडली. उड्डाणपुलाच्या चढावर पडली, तेव्हा मागच्या बसच्या ड्रायव्हरने खाली वाकून अनिरुद्धना विचारलं, "काय काका, इथंच राहायचंय का?" अनिरुद्ध म्हणाले, "बघतो आहोत, जागा चांगली आहे." त्यांचा हा स्वभाव आहे. मी स्टार्टर मारत होते आणि हे उड्डाणपुलावर घराची चौकशी करत होते.

हिंदुरावांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, आवाज पाहिजे की गाडी चालायला पाहिजे? एक काय ते ठरवा." मी घरी आल्यावर स्क्रू होता तिथे नेऊन ठेवला. गाडी पुन्हा ओरडायला लागली, पण चालायला लागली.

एव्हाना हा प्रश्न आमच्या सोसायटीचा झाला होता. आमच्या इमारतीत पाणी कमी येतं आणि सल्ले चोवीस तास. वरच्या मजल्यावरची ऋचा आयटीत आहे. तिने मोबाईलच्या उजेडात इंजिन बघितलं आणि म्हणाली, "काकू, हिला रिसेट कुठून करायचं?" मी म्हटलं, हिला रिसेट नाही. "मग अपडेट?" ते तर नाहीच. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी आम्ही नाव-गाव न सांगता येणाऱ्या रुग्णाकडे पाहायचो.

आणि मग श्यामसुंदरराव. हे आमचे सेक्रेटरी. त्यांनी आधी फलकावर सूचना लावली: 'काही वाहने उभी असतानाही धावत असतात. संबंधितांनी आपले वाहन समजावून सांगावे.' खाली सही आणि शिक्का. संबंधित म्हणजे कोण हे लिहायची पुण्यात पद्धत नाही, ते सगळ्यांना कळतं. पण सूचना लावणं वेगळं आणि शेजारधर्म वेगळा. संध्याकाळी ते स्वतः खाली आले आणि अनिरुद्धना म्हणाले, "पाणी तपासलंत का?"

"पाणी नसतं हिला," अनिरुद्ध म्हणाले.

"नसतं म्हणजे?"

"घालतच नाहीत."

"घेतल्यापासून घातलेलं नाही?"

"नाही. हवेवर आहे."

श्यामसुंदररावांनी बीटलकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी वॉर्डात उपास करून चक्कर आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांच्या चेहऱ्यावर पाहिलेलं आहे. मी तिथेच उभी होते. मी त्यांना समजावून सांगितलं की या इंजिनाला पंखा असतो, तो हवा फेकतो, त्यावर ते थंड राहतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि अनिरुद्धना म्हणाले, "तरी पण."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुढची डिकी उघडून स्टेपनीत हवा आहे का ते बघत होते. तेवढ्यात वरून कुकरच्या शिट्ट्या ऐकू आल्या. अनिरुद्ध पेपर वाचत असले म्हणजे त्यांना शिट्ट्या ऐकू येत नाहीत, म्हणून मी गॅस बंद करायला वर गेले. डिकी उघडीच राहिली. आता या जुन्या बीटलची रचना अशी आहे की पेट्रोलची टाकी पुढे, डिकीच्या आत असते आणि तिचं झाकण चांगलं वाटीएवढं मोठं. ज्याला माहीत नाही त्याला ते रेडिएटरचं वाटेल. आणि ज्याच्या मनात माझ्या तहानलेल्या गाडीबद्दल रात्रभर कालवाकालव झाली असेल, त्याला तर नक्कीच वाटेल.

हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी खाली आले, डिकी लावली आणि गाडी काढली. फाटकापर्यंत ती ओरडत, नेहमीसारखी, गेली. फाटकाच्या बरोबर मध्यावर तिने एक आचका दिला, दुसरा दिला आणि गप्प झाली. इतकी शांत ती कित्येक दिवसांत नव्हती.

आणि त्याच वेळी समोरून पाण्याचा टँकर आला.

आमच्याकडे टँकर येणं म्हणजे काय, हे ज्यांच्या नळाला खडकवासल्याचं पाणी धड येतं त्यांना कळायचं नाही. बादल्या मांडलेल्या असतात, आंघोळी राहिलेल्या असतात. टँकर बाहेर, तहानलेली इमारत आत आणि मध्ये मी. गॅलऱ्यांमधून माणसं जमली. कोणी म्हणालं ढकला, कोणी म्हणालं न्यूट्रल करा, कोणी म्हणालं आधी बाईंना उतरवा. टँकरवाल्याने इंजिन बंद केलं, खाली उतरला, गाडीचं पुढचं झाकण उघडून बघितलं आणि तोवर खाली आलेल्या अनिरुद्धना विचारलं, "मालक, हिचं इंजिन कुठाय? पुढं तर टायर दिसतंय." शेवटी मी उतरले, पदर खोचला, आणि मी, ऋचा, अनिरुद्ध, टँकरवाला अशा चौघांनी मिळून गाडी मागे लोटली. माझी गाडी मी ढकलताना गॅलरीतून कोणीतरी टाळ्या वाजवल्या. कोण ते मला माहीत आहे. मी त्यांना दिवाळीला फराळ पाठवलेला नाही.

श्यामसुंदरराव मात्र चक्रावले होते. "असं व्हायला नको होतं," ते म्हणाले. "आज तर पाणी भरपूर होतं."

मी वळून बघितलं.

"किती घातलंत?" मी विचारलं.

"एक बाटली. मोठी." मग माझा चेहरा बघून ते घाईने म्हणाले, "आरओचं होतं हो. नळाचं नाही."

त्यांच्यावर रागावता येईना. माणसाने स्वतःच्या घरातलं पिण्याचं पाणी, त्या दिवशीच्या टंचाईत, माझ्या गाडीला आणून घातलं होतं. मी एवढंच म्हटलं की ती पेट्रोलची टाकी होती. ते खाली बसले. त्यांना आमच्याच घरातून पाणी आणून द्यावं लागलं.

टाकी खालून रिकामी केली. काचेच्या बरणीत पेट्रोल वर आणि श्यामसुंदररावांचं पाणी तळाशी, असं स्वच्छ दोन थरांत उभं राहिलं. टाकी वाळवली, नळ्या साफ केल्या, कार्बोरेटरच्या वाटीतलं पाणी काढलं. हिंदुरावांना बोलव, असं अनिरुद्ध म्हणाले. मी नाही म्हटलं. आतापर्यंत एका माणसाने स्क्रू पिळला होता, एकाने पाणी घातलं होतं, आणि रुग्णाला तपासलं कोणीच नव्हतं.

दुपारी मी जुना अ‍ॅप्रन काढला.

रीत साधी असते. एकेका अवयवावरचा संशय फेडत जायचा. अ‍ॅक्सिलरेटरची वायर ताणलेली असेल म्हणून ती कार्बोरेटरपासून सोडवली. इंजिन ओरडतच राहिलं. म्हणजे पाय आणि वायर निर्दोष. चोक अडकला असेल म्हणून त्याची पाकळी बघितली. इंजिन गरम झाल्यावर ती सरळ उभी राहत होती, जशी राहायला हवी. चोकही सुटला. मग राहिली एकच शंका. इंजिनाला जेवढी हवा हवी तेवढी कार्बोरेटर मोजून देतो. न मोजलेली हवा दुसरीकडून कुठून आत शिरत असेल, तर इंजिन पाय न लावताही पळत सुटेल. फट कुठे आहे, एवढंच शोधायचं होतं.

मी स्टेथोस्कोप आणला. त्याची पुढची चकती काढली आणि नुसती नळी इंजिनावर फिरवायला लागले. अनिरुद्ध शेजारी स्टूल टाकून बसले. जाणारे-येणारे थांबून बघत होते. ऋचाने फोटो काढला. मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. राउंडवर असताना मी कोणाकडेच लक्ष देत नसे. डावीकडचा पाइप, काही नाही. उजवीकडचा, काही नाही. कार्बोरेटरच्या पायथ्याशी, जिथे तो पाइपवर बसतो, तिथे नळी नेली आणि कानात बारीक शीळ वाजली. दम्याच्या रुग्णाच्या छातीत वाजते तशी.

तिथे साफसफाईच्या स्प्रेचा हलका फवारा मारला. इंजिनाचा सूर झटकन बदलला. पुन्हा मारला, पुन्हा बदलला.

"सापडलं," मी म्हटलं.

"काय?" अनिरुद्ध म्हणाले.

"इथून हवा खाते."

इंजिन थंड होऊ दिलं आणि कार्बोरेटर उतरवला. त्याच्या खाली दोन धातूंमध्ये एक पॅकिंग असतं, जाड कागदाचं, हवा अडवायला. आमच्या गाडीत कोणे एके काळी कोणा कारागिराला ते मिळालं नसावं. त्याने मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घातला होता. पेट्रोलने तो काळा पडला होता, एका बाजूने फाटला होता, पण एका कोपऱ्यात अजून वाचता येत होतं: 'शुद्ध तुपा'. पुढचं 'तील' इंजिनाने खाल्लं असावं.

नाना पेठेतून पॅकिंगचा खरा कागद आणला. दुकानदाराने अनिरुद्धना विचारलं, "कशाला पाहिजे?" अनिरुद्धनी माझ्याकडे बोट दाखवलं. घरी येऊन, कार्बोरेटरचा तळ कागदावर ठेवून, मी माझ्या ड्रेसिंगच्या कात्रीने तो आकार कापला. बोल्ट आवळले. स्क्रू पहिल्यापासून नीट लावला. गाडी सुरू केली.

ती चालत होती, आणि तिच्या शेजारी उभं राहून साध्या आवाजात बोलता येत होतं. जिन्यात श्यामसुंदरराव उभे होते. त्यांनी फलकावरची सूचना काढली आणि घडी करून खिशात घातली. पीयूसीही त्याच संध्याकाळी मिळाली.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण तपासणीच्या दिवशी सकाळी मी गाडी काढली आणि ती कोथरूडच्या बाहेर पडता पडता पुन्हा ओरडायला लागली.

तपासणीचं मैदान शहराबाहेर होतं, वाटेत परत फिरायची सोय नव्हती. पॅकिंग फाटलं असणार. माझंच निदान चुकलं असणार. रांगेत ट्रकांच्या मागे गाडी लावली तेव्हा आजूबाजूचे ड्रायव्हर वळून बघत होते. मी आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, "मला हे जमणार नाही. देऊन टाकू या."

अनिरुद्धनी मांडीवरच्या पिशवीतून स्टेथोस्कोप काढला आणि माझ्या हातात दिला. तो त्यांनी आणला होता हे मला माहीतही नव्हतं.

मी मागे गेले. शीळ नव्हती. पॅकिंग जागेवर, घट्ट. मग पहिल्यापासून सुरू केलं. अ‍ॅक्सिलरेटरची वायर सोडवली आणि आवाज एकदम खाली आला. म्हणजे दोष इंजिनात नव्हताच. दोष माझ्या पायापाशी होता. मी पुढे येऊन खाली वाकले.

पेडलपाशी काथ्याचं एक नवंकोरं जाड पायपुसणं होतं. त्यावर 'सुस्वागतम्' असं लिहिलेलं होतं, आणि त्याची कड पेडलवर चढून बसली होती.

"हे कोणी घातलं?"

"मी," अनिरुद्ध म्हणाले. "तुझी टाच दुखते म्हणालीस काल. मऊ लागेल म्हणून."

मी ते पायपुसणं उचललं, मागच्या सीटवर ठेवलं आणि वायर पुन्हा लावली. माझ्याकडे बोलण्यासारखं खूप होतं. पण तेवढ्यात आमचा नंबर आला.

इन्स्पेक्टर उन्हाने वैतागलेले होते. त्यांनी नंबर बघितला, काचा बघितल्या, दिवे बघितले. मग म्हणाले, "सुरू करा."

"सुरूच आहे, साहेब."

शेजारी एक ट्रक धडधडत होता, त्यामुळे त्यांना खरं वाटेना. त्यांनी मागच्या झाकणावर तळहात ठेवला. थोडा वेळ तो तसाच ठेवला. मग कागदावर सही करता करता अनिरुद्धना म्हणाले, "छान ठेवली आहे. कोणाकडे देता कामाला?"

"हिच्याकडे," अनिरुद्ध म्हणाले.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. आम्ही निघताना ते खिडकीपाशी आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, माझ्या घरी एक जुनी स्कूटर आहे. सकाळी फार खोकते." मी त्यांना सांगितलं की एकदा घेऊन या, ऐकून सांगते. न ऐकता मी कोणालाच औषध सांगत नाही.

परतताना आम्ही सरळ घरी गेलो नाही. अनिरुद्ध म्हणाले, जरा लांबून जाऊ. सिंहगड रस्त्याने पुढे, धरणाच्या अलीकडे एक मोकळं मैदान लागतं. तिथे ते म्हणाले, "थांबव जरा." मला वाटलं त्यांना चहा हवा असेल.

"जया," ते म्हणाले, "मला शिकवशील?"

"काय?"

"गाडी." ते समोर बघत होते. "आल्यापासून सगळे मलाच विचारतात. इंजिन कुठंय, पाणी का नाही, कामाला कोणाकडे देता. मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी आपला पिशवी घेऊन बसतो आणि काहीतरी उत्तर देतो. तुला वाटतं तुझाच अपमान होतो."

मी त्यांच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

आम्ही जागा बदलल्या. त्यांनी चष्मा पुसला, स्टिअरिंग दोन्ही हातांनी असं धरलं की कोणी हिसकावून नेणार आहे. मी क्लच सांगितला, ब्रेक सांगितला. त्यांनी ते दोनदा म्हणून घेतलं. मग किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं, हळू, एका लयीत.

"आता क्लच सोडा. अगदी सावकाश, अहो."

त्यांनी तो एकदम सोडला. गाडीने बेडकासारखी उडी मारली आणि बंद पडली. मैदानातली कुत्री उठून उभी राहिली.

"बंद पडली," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"पडू दे," मी म्हटलं. "पुन्हा लावा."